करमणूक-उद्यानांचीं जुनीं तिकिटें व त्यांचे संग्राहक

आमचा एक जुना विद्यार्थी कित्येक वर्षें कॅलिफोर्नियांत राहतो. गेल्या दिवाळींत तो घरीं आला, तेव्हां आपल्या संग्रहांतील कागदांचें एक पुडकें आम्हांस दाखविण्यास घेऊन आला. त्यांत सनद नव्हती, महजर नव्हता, त्रुटित पोथीही नव्हती. होतीं तीं करमणूक-उद्यानांचीं जुनीं तिकिटें, नकाशे व चित्रपत्रें. “गुरुजी, आपण हसाल,” असें तो म्हणाला. आम्ही हसलों, हें कबूल केलें पाहिजे. परंतु दोन दिवस तें पुडकें आमच्यापाशीं राहिलें आणि हसूं ओसरलें. मोडी कागदाच्या परीक्षेस आपण जे नियम लावतों, तेच येथें लागूं पडतात; आणि आपल्याकडील संग्राहकांनीं जे प्रमाद केले, तेच तिकडील संग्राहक आज करीत आहेत. म्हणून हा लेख.

प्रथम वस्तूचें स्वरूप सांगतों. डिस्नेलँड हें उद्यान अॅनाहाइम येथें इ. स. १९५५ च्या जुलै महिन्यांत उघडलें. १७ तारखेस निमंत्रितांसाठीं आणि १८ तारखेस सर्वांसाठीं. आरंभीं प्रौढास प्रवेशाचा एक डॉलर व मुलास अर्धा डॉलर पडे, आणि आंतील प्रत्येक खेळास निराळे पैसे द्यावे लागत. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत खेळांच्या चिठ्यांची पुस्तिका निघाली. चिठ्यांच्या प्रतवाऱ्या ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा तीन होत्या. १९५६ सालीं ‘डी’ आणि १९५९ सालीं ‘ई’ वाढली. ‘ए’ ची चिठी रस्त्यावरील घोड्यांच्या ट्रामसारख्या हलक्या खेळाची, ‘ई’ ची सर्वांत मोठ्या खेळाची. मॅटरहॉर्न पर्वतावरील घसरगाडी व पाणबुडीचा प्रवास हे १९५९ च्या जूनमध्यें उघडलेले खेळ ‘ई’ वर्गाचे होत. ही व्यवस्था १९८२ पर्यंत चालली. पुढें एकाच तिकिटांत सर्व खेळ मिळूं लागले. ‘ई’ हें अक्षर बोलण्यांत इतकें रुळलें कीं, १९८३ सालीं अंतराळांत गेलेल्या सॅली राइड यांनीं आपल्या उड्डाणाचें वर्णन करतांना त्याच तिकिटाची उपमा दिली.

आतां कालनिर्णयाकडे वळूं. चिठीवर तिच्या वर्गांतील खेळांचीं नांवें छापलेलीं असतात, आणि संग्राहक त्यांवरून काळ ठरवितात. कॅरिबियन समुद्रांतील चांच्यांचा खेळ १९६७ च्या मार्चमध्यें सुरू झाला, आणि भुताटकीचा वाडा १९६९ च्या ऑगस्टमध्यें. ज्या ‘ई’ चिठीवर चांचे आहेत पण वाडा नाहीं, ती या दोहोंच्या मधली, असा त्यांचा न्याय. यांतील पूर्वार्ध बहुतेक निर्दोष आहे. नियोजित खेळाचें नांव आगाऊ छापलें गेलें नसेल, एवढेंच पाहावें लागतें. उत्तरार्ध मात्र ढिला आहे. वाड्याचें नांव नाहीं, यावरून मजकूर केव्हां जुळला तें कळेल. कागद केव्हां हातीं पडला तें कळणार नाहीं. छापून ठेवलेला गठ्ठा संपेपर्यंत विकला जातो. पोथीच्या पुष्पिकेंतील शक लेखकूनें मूळ प्रतीवरून जसाच्या तसा उतरला असेल, तर तो नकलेचा काळ नव्हे, हें आपण जाणतों. तिकिटाचेही छापल्याचा, विकल्याचा व वापरल्याचा असे तीन काळ असतात. विक्रीच्या यादींत यांपैकीं पहिलाच काळ तिन्हींच्या नांवानें खपतो.

याहून मोठा आक्षेप मोलाच्या कसोटीवर आहे. बाजारांत अखंड पुस्तिकेस मान. एकही चिठी न फाडलेली, कोरी, करकरीत. चार चिठ्या गेलेल्या पुस्तिकेकडे खरेदीदार नाक मुरडतो. या मताचा पूर्वपक्ष असा कीं, अखंड प्रतीवरून मूळ रचना समजते, आणि वापरलेली प्रत ही खंडितच. पूर्वपक्ष अगदींच पोकळ नाहीं. कोणत्या वर्गाच्या किती चिठ्या एकत्र बांधीत, हें अखंड प्रतच सांगते. परंतु ती सांगते तें विकणाऱ्याचें मनोगत. घेणाऱ्यानें काय केलें, त्याविषयीं ती मुकी आहे.

येथें एक गमतीची स्थिति आहे. वापरलेली चिठी खेळाच्या दारीं द्यावी लागे. म्हणजे जें घडलें त्याचा कागद घरीं आला नाहीं. जें घडलें नाहीं, त्याचाच कागद उरला. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें सहावें प्रमाण मानिलें आहे. एखादी वस्तु नाहीं याचें ज्ञान तिच्या न दिसण्यानेंच होतें, असें त्यांचें म्हणणें. या पुस्तिकांना तें प्रमाण नेमकें लागूं पडतें. आमच्या विद्यार्थ्याच्या पुडक्यांतील एका पुस्तिकेंत ‘ए’ च्या दोन व ‘बी’ ची एक अशा चिठ्या शिल्लक आहेत. ‘ई’ ची एकही नाहीं. त्या कुटुंबानें मोठे खेळ सगळे पाहिले आणि ट्रामपर्यंत पोहोंचण्याआधीं पाय थकले किंवा सूर्य मावळला, इतकें त्यावरून दिसतें. अशा शंभर पुस्तिका एकत्र मांडल्या, तर त्या काळच्या सामान्य माणसाच्या आवडीचा हिशेब निघेल. तो कोणत्याही अखंड प्रतींतून निघावयाचा नाहीं.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनाचीं तिकिटें अमेरिकन बँक नोट कंपनीनें कोलंबस, वॉशिंग्टन, लिंकन व एक आदिवासी नायक यांच्या मुद्रा कोरून छापलीं. तीं सुंदर आहेत आणि कोरींच पुष्कळ मिळतात. कारण दारावर दिलेलें तिकीट परत येत नसे. त्यांतून कोरीव कामाचा अभ्यास होईल. प्रेक्षकाचा होणें कठीण.

आतां खरें दुःखाचें प्रकरण. त्याच पुस्तिकेबरोबर उद्यानाचा एक नकाशा आहे, त्यावर कुणीं शिसपेनीनें दिवसभराच्या वाटेची रेघ ओढली आहे. दोन्ही वस्तु एकाच लिफाफ्यांत मिळाल्या होत्या, आणि लिफाफ्यावर बाईच्या हातचें नांव व तारीख होती. “लिफाफा कोठें आहे?” असें आम्हीं विचारलें. मळका होता म्हणून टाकून दिला, असें उत्तर आलें. नकाशावरील रेघ खोडरबरानें पुसून तो स्वतंत्र विकण्याचाही त्याचा बेत होता. आणखी दोन तिकिटें त्यानें उष्णतेनें प्लास्टिकच्या वेष्टनांत कायमचीं चिकटविलीं आहेत. तीं आतां कधींही बाहेर निघणार नाहींत.

त्यास रागें भरण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तरुणपणीं एका घराण्याचे रुमाल पाहण्यास मिळाले असतां, आम्हीं उत्साहानें सर्व पत्रें सोडून तारीखवार लाविलीं. काम नीटनेटकें दिसलें. घरच्या वृद्धांनीं शाबासकीही दिली. पुढें एका बिनतारखेच्या यादीचा उलगडा करण्याची वेळ आली, तेव्हां ती कोणत्या पत्राच्या घडींत होती हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें. घडी आम्हींच मोडली होती. ती यादी आजही आमच्या टिपणांत अनाथ पडून आहे.

बनावटीचा प्रश्न थोडक्यांत. या उद्यानाच्या पहिल्याच दिवशीं खोट्या प्रवेशपत्रांवर पुष्कळ लोक आंत शिरले, असें वृत्तांत आहेत. पुढें जुन्या तिकिटांच्या प्रतिकृतीही स्मरणवस्तु म्हणून निघाल्या. त्यांत कपट नाहीं. पण दोन विक्रींनंतर प्रतिकृति अस्सल होऊन बसते. कागद, शाई, दुमडीची झीज आणि वस्तु कोणाकडून आली याची नोंद, यांवांचून निर्णय देऊं नये. यांपैकीं शेवटचें प्रमाण सर्वांत बलवान्, आणि तेंच टाकलेल्या लिफाफ्याबरोबर केरांत जातें.

ही गोष्ट दूरदेशींची म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. मुंबईजवळ गोराई येथें १९८९ सालीं सुरू झालेलें एस्सेलवर्ल्ड २०२२ सालीं बंद झालें. तेथें शाळेच्या सहलीबरोबर गेलेलीं मुलें आज कर्तीं माणसें आहेत. त्यांच्या कपाटांत तिकिटाचा तुकडा किंवा सहलीचें छायाचित्र असेलच. तें टाकूं नये; आणि जपावयाचें तर जसें आहे तसें, एकत्र, मागें कोण, केव्हां, कोणाबरोबर गेलें हें पेन्सिलीनें लिहून जपावें.

विद्यार्थी परत जातांना नकाशा व पुस्तिका एका नव्या लिफाफ्यांत घालून घेऊन गेला. रेघ पुसली नाहीं. लिफाफ्यावर त्यानें आठवेल तेवढें लिहिलें. तारीख त्यास आठवली नाहीं, म्हणून ती जागा त्यानें कोरी सोडली. तेंही योग्यच केलें, असें आम्ही म्हणतों.