‘प्रोटियन’ म्हणजे बहुरूपी नव्हे

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने विचारलं, “सर, प्रोटियनला मराठीत काय म्हणायचं?” आम्ही पटकन ‘बहुरूपी’ म्हणून मोकळे झालो. घरी गेल्यावर जाणवलं, उत्तर चुकलं. आज ते दुरुस्त करू.

शब्द आला तो प्रोटियस या ग्रीक सागरदेवावरून. होमरच्या ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात त्याची कथा आहे. ट्रॉयहून परतणारा मेनेलाउस इजिप्तजवळच्या फारोस बेटावर अडकतो. सुटकेची वाट या म्हाताऱ्या देवाला ठाऊक असते, पण तो सहजी बोलायचा नाही. त्याचीच मुलगी इडोथिआ युक्ती सांगते. मेनेलाउस आणि तीन साथीदार सीलची कातडी पांघरून दबा धरतात. म्हातारा झोपला की त्याला घट्ट पकडतात. तो सिंह होतो, साप होतो, बिबट्या, रानडुक्कर, पाणी, झाड होतो. हे सोडत नाहीत. शेवटी तो मूळ रूपात येतो आणि खरं ते सांगतो.

आता बघा, कथेचं मर्म आहे ‘सोडायचं नाही’ यात. विशेषणाने मात्र फक्त रूपं उचलली, आणि तीही बहुधा कौतुकाने. पिको देल्ला मिरांदोलाने १४८६ साली लिहिलेल्या भाषणात माणसाच्या थोरवीसाठी प्रोटियस आणला. १९९३ साली रॉबर्ट लिफ्टन यांनी आजच्या माणसाच्या लवचीक ‘स्व’ला हेच नाव दिलं. आमच्या मते हे कौतुक अर्धं आहे. प्रोटियस रूप बदलतो ते उत्तर टाळायला.

मराठीत त्याचा खरा भाऊ म्हणजे लखोबा लोखंडे. आचार्य अत्र्यांच्या १९६२ सालच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकरांनी एकट्याने पाच भूमिका केल्या. फिरत्या रंगमंचाचं कौतुक झालं, टाळ्याही पडल्या. पण नाटक उभं आहे ते कोर्टात. फसवली गेलेली माणसं साक्षीला येतात, म्हणजे तेच मेनेलाउसचे हात. आमची तक्रार एवढीच, की हशा लखोबाच्या वाट्याला जातो आणि साक्षीदार लक्षात राहत नाहीत. विशेषणाने केलं तेच प्रेक्षकांनीही केलं.

आपला बहुरूपी निराळा. तो पोलीस होऊन दारात येतो, दम देतो, आणि शेवटी हसून बिदागी मागतो. सोंग उघडं असतं. आपल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत अंगावर नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून नाचणारे बुध्या बघा. त्यांचं रूप व्रत पाळून घेतलेलं असतं. रूप बदलतं ते बांधून घ्यायला, निसटायला नव्हे.

मग प्रोटियन म्हणजे काय? आम्ही म्हणू, ‘निसटता’. पाड्यावरचा माणूस वनहक्काच्या दाव्याचा कागद घेऊन कचेरीत जातो. एकदा साहेब रजेवर असतात, एकदा फाईल वर गेलेली असते, एकदा नकाशाच जुळत नाही. दर खेपेला नवं रूप. त्याला ‘प्रोटियन’ हा शब्द ठाऊक नाही, पण कथा त्याला पाठ आहे: पकड सैल केली की गेलं.

म्हणून पुढच्या वेळी कुणाला कौतुकाने प्रोटियन म्हणाल, तर आधी एक विचारा: याला धरून कोण बसलंय?