धाग्यावर टेकलेली पट्टी

पोलादाची पातळ पट्टी. वितीहून आखूड, वजन काही ग्रॅम. मधे एक भोक, वरच्या अंगाला लांबट खाच. स्वयंचलित मागाच्या मागच्या बाजूला अशा हजारो पट्ट्या ओळीने लटकतात आणि प्रत्येकीच्या भोकातून ताण्याचा एकेक धागा जातो. हिला म्हणायचं ड्रॉप पिन. १८७७ पासून गिरण्यांचं गाव असलेल्या सोलापुरात कुणी मला सेन्सर म्हणजे काय असं विचारलं, तर मी आधी ही पट्टी दाखवीन.

ताठ धागा तिला उचलून धरतो. धागा तुटला की आधार जातो, पट्टी खाली येते. खाचेतून गेलेल्या दांडीत धातूचे दोन भाग एकमेकांपासून अलग बसवलेले असतात. पडलेली पट्टी त्यांना जोडते, वीज वाहते, माग थांबतो. धाग्याला बोलता येत नाही, विजेला धागा कळत नाही. मधे ही पट्टी दुभाष्या होते. लोडसेलच्या वजनकाट्यातही हेच घडतं : भाराने धातू किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेली बारीक तार ताणली जाते, तिचा विद्युतरोध वाढतो आणि त्यातून किलोचा आकडा निघतो.

मला खरी गोडी आहे ती पट्टीच्या वजनाची. जड असली तर तिच्याच भाराने धागा झिजून तुटेल. फार हलकी असली तर कापसाच्या तुसात अडकून पडणारच नाही. म्हणून जाड सुताला जड पट्टी, बारीक सुताला हलकी. मोजणाऱ्याचा भार मोजल्या जाणाऱ्या वस्तूवर पडतोच; तापमापीसुद्धा पाण्यातली थोडी उष्णता स्वतःसाठी घेते. तो भार किती ठेवायचा हे ज्याला उमगलं, त्याच्या हाताला मी मनापासून दाद देतो.

सोलापुरी चादरीवरची नक्षी उमटवणाऱ्या जॅकार्डमध्येही हाच स्पर्श आहे. सुई कार्ड चाचपते : भोक सापडलं तर धागा उचलला जातो, नाही तर खालीच राहतो.

पण हे सारं ‘हो’ किंवा ‘नाही’. किती, ते सांगणारी जोडी वेगळी : शेजारी-शेजारी लावलेल्या दोन तापमापी, एकीच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. हवा जितकी कोरडी, तितकं मलमलीतलं पाणी भराभर उडतं आणि ओल्या तापमापीचा पारा खाली राहतो. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे हवेची तहान. ती वाढली की सुती धागा कमजोर होतो, म्हणून खात्यात पाण्याचे तुषार सोडतात. पट्टी धागा तुटल्यावर बोलते, ही जोडी त्याआधी.

माग थांबला की कामगार मागे जातो, ओळीवरून बोट फिरवत खाली आलेली पट्टी हुडकतो. तुटकी टोकं जोडून गाठ मारतो. धागा ताठ होतो, पट्टी वर येते, माग पुन्हा चालू.