'तमस' : विलंबाने उमटलेला आघात आणि समीक्षेची मर्यादा

आघातोत्तर ताणविकृतीला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. या वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार, काही लक्षणे आधी दिसली तरी विकृतीचे पूर्ण स्वरूप घटनेनंतर किमान सहा महिन्यांनी प्रकट झाल्यास ती 'विलंबित' मानली जाते. ही संकल्पना साहित्यकृतीला कितपत लागू पडते, याचा विचार भीष्म साहनी यांच्या 'तमस' या हिंदी कादंबरीच्या आधारे येथे केला आहे.

मार्च १९४७ मधील रावळपिंडीची दंगल साहनी यांनी जवळून पाहिली होती. तेथील मदतकार्यातही ते सहभागी होते. पुढे मे १९७० मध्ये ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत दंगल उसळली. त्यानंतर तेथे गेलेल्या साहनींना उद्ध्वस्त वस्ती आणि बंद पडलेले माग पाहून रावळपिंडी आठवली व त्यातून 'तमस'चे लेखन झाले. मध्ये २३ वर्षे लोटली होती. या कादंबरीस १९७५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मात्र हा विलंब म्हणजे विकृती नव्हे. विकृतीत स्मृती माणसावर चालून येते. लेखनात माणूस स्मृतीला क्रम व अर्थ देतो. शिवाय कादंबरीचा कालपट थोड्या दिवसांचा असल्याने पात्रांच्या उत्तरायुष्यातील यातना तीत येत नाहीत. 'तमस'ला विलंबित आघाताची कादंबरी म्हणणे म्हणूनच अतिव्याप्त ठरेल.

तथापि, एका प्रसंगात या प्रश्नाचे मर्म सापडते. निर्वासित आपली कहाणी सांगू पाहतात. मदत समितीच्या आकडेबाबूला मात्र केवळ मृत, जखमी व मालमत्ता यांची संख्या हवी असते. त्या दिवशी मोजता येईल तेवढेच नुकसान नोंदवहीत मावते. पुढे उद्भवणाऱ्या दुःखासाठी तीत रकानाच नसतो. साहनींचा उपरोध बाबूच्या स्वभावापेक्षा या नोंदपद्धतीवर अधिक आहे.

सारांश, लेखकाचे निदान करणे हे समीक्षेचे कार्य नव्हे. परंतु 'इतक्या वर्षांनी आताच का बोलता?' असे पीडितांना विचारणाऱ्या समाजात, उशीर हा साक्ष खोटी असल्याचा पुरावा नसतो, हे दाखवून देणे समीक्षेला निश्चित शक्य आहे. 'तमस'च्या अध्यापनात नोंदवहीबाहेर राहिलेल्या या दुःखाची चर्चा व्हावयास हवी.