‘ऐच्छिक’ या संज्ञेची व्याप्ती : मुक्तस्रोत आज्ञावलींतील अवलंबनांचे वर्गीकरण

मुक्तस्रोत संगणक-आज्ञावली क्वचितच स्वयंपूर्ण असते. इतरांनी रचून ठेवलेल्या लायब्रऱ्या, म्हणजे विशिष्ट कार्यासाठी तयार केलेले आज्ञासंच, ती उपयोगात आणते. या नात्यास अवलंबन म्हणता येईल. ज्यांवाचून आज्ञावली चालूच शकत नाही ती अवलंबने आवश्यक व उरलेली ऐच्छिक, असा द्विविध विभाग पुष्कळ प्रकल्पांच्या कागदपत्रांत आढळतो. यांतील पहिली कोटी निःसंदिग्ध आहे. दुसरी मात्र ‘आवश्यक नव्हे ते’ अशा अभावात्मक लक्षणावर उभी आहे, आणि अशा कोटीत एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तू येऊन पडतात, हा व्याकरणाचा जुना अनुभव होय. मराठी व्याकरणातील ‘अव्यया’ची अवस्था याहून फार निराळी नाही.

प्रथम शब्दार्थच पाहावा. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या व्यवस्थेत ‘ऐच्छिक’ अवलंबन म्हणजे जे बसवण्याचा यत्न होतोच, पण तो फसला तरी पुढील काम अडत नाही. पायथनमध्ये तोच शब्द पुरवणी या अर्थी येतो : वापरणाऱ्याने नाव घेऊन मागितल्यासच ती मिळते. एका ठिकाणी क्षमा आहे, दुसऱ्या ठिकाणी निवड आहे. दोन्हींस एकच विशेषण लावल्याने अर्थाची हानी होते.

या बाबतीत डेबियनची परिभाषा अधिक सूक्ष्म आहे. तेथे ‘अवलंबून’ या पायरीखाली ‘शिफारस’ व ‘सूचना’ अशा दोन पायऱ्या आहेत. असाधारण परिस्थिती वगळता जे सोबत असावे ते शिफारसीत येते. जे असल्यास उपयोग वाढेल ते सूचनेत. 2009 च्या ‘लेनी’ या आवृत्तीपासून शिफारस केलेले घटक आपोआप बसवले जातात. येथे पाणिनीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वा, विभाषा व अन्यतरस्याम् हे विकल्पवाचक शब्द परंपरेने समानार्थी मानले. पॉल किपार्स्की यांनी 1979 च्या ग्रंथात त्यांचे अर्थ अनुक्रमे ‘शक्यतो’, ‘शक्यतो नको’ व ‘दोन्ही सारखेच’ असे वेगळे लावले. शि. द. जोशी यांनी संपादिलेला हा ग्रंथ पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राशी निगडित आहे. किपार्स्कींचे मत सर्वमान्य नसेल. परंतु विकल्पालाही तारतम्य असते, हा त्यातील मुद्दा प्रस्तुत विषयास तंतोतंत लागू पडतो.

तथापि डेबियनचे तारतम्यही ‘किती जणांस लागते’ या प्रश्नावर थांबते. लायब्ररी नसल्यास नेमके काय घडते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. पायथनमधील पिलो या चित्रसंस्करणाच्या आज्ञावलीचे उदाहरण घ्यावे. तिच्या उभारणीत सामान्यतः जेपेग व झेडलिब एवढ्याच लायब्रऱ्या आवश्यक गणल्या जातात. वेबपी हा चित्रप्रकार हाताळणारी लायब्ररी आणि जटिल लिपींची अक्षरजुळणी करणारी रक्म ही लायब्ररी, दोन्ही ऐच्छिकांच्या एकाच रांगेत बसतात. वेबपी नसेल तर तशा प्रकारचे चित्र उघडत नाही. दोष तत्काळ कळतो. रक्म नसेल तर चित्रावर अक्षरे उमटतातच, पण जुळणीवाचून. ‘नागपूर’ हा शब्द जवळजवळ निर्दोष दिसतो, कारण त्यात ऱ्हस्व इकार नाही आणि जोडाक्षरही नाही. ‘विदर्भ’ लिहिताच वेलांटी ‘व’च्या पुढे जाते आणि रफार ‘भ’वर न चढता पाय मोडलेला ‘र’ म्हणून उभा राहतो. परीक्षकाने पहिला शब्द निवडला तर त्याला काहीच वावगे दिसणार नाही!

अधिक चमत्कारिक गोष्ट अशी की, मजकुराची भाषा मराठी आहे असे आज्ञेत स्पष्ट सांगितले, तर रक्मवाचून हे शक्य नाही असा दोष आज्ञावली दाखवते. भाषेचे नाव न सांगितल्यास निमूटपणे अशुद्ध लिहिते. 2021 च्या 8.2.0 आवृत्तीपासून पिलोच्या तयार संचांत रक्म अंतर्भूत झाली. पण तिला लागणारी फ्रिबिडी ही लायब्ररी संगणकावर वेगळी शोधली जाऊ लागली. फ्रिबिडीचे कार्य उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींचा क्रम लावणे हे आहे. ती नसल्यास रक्मही निरुपयोगी ठरते, आणि अरबी लिपीसाठी असलेल्या साधनाच्या अभावी देवनागरी बिघडते. आवश्यक व ऐच्छिक यांची साधी यादी ही साखळी दाखवूच शकत नाही.

दोष वर्गीकरणाच्या आधारातच आहे. आवश्यकता हा लायब्ररीचा गुण नव्हे. तो कार्याशी असलेला संबंध आहे. ‘टेबलावर’ हे पद ‘त्याने पुस्तक टेबलावर वाचले’ येथे गाळता येते. ‘ठेवले’ म्हटल्यास त्याची आकांक्षा राहते. पद तेच, क्रियापद निराळे. याच न्यायाने प्रत्येक कार्यापुढे तीन गोष्टी नोंदवणे अवश्य आहे : अभावी कार्य नाकारले जाते, मंदावते, की चुकीचे होते. यांपैकी तिसऱ्या वर्गास ‘ऐच्छिक’ म्हणणे हा केवळ लॅटिन लिपीपुरता खरा असलेला नियम सार्वत्रिक समजण्याचा प्रकार आहे.

एफएफएमपेग या चित्रफितींच्या आज्ञावलीने 2023 च्या 6.1 आवृत्तीत या दिशेने पाऊल टाकले. संपूर्ण आज्ञावलीच्या दृष्टीने हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी तेथे ऐच्छिकच राहिली. चित्रफितीवर मजकूर उमटवणारा घटक मात्र तिच्यावाचून उभारताच येत नाही.