घोषणेनंतरचे काम

मेम्फिसच्या सफाई कामगारांचा १९६८ चा संप आपण मार्टिन ल्यूथर किंगच्या हौतात्म्यापाशी आणून थांबवतो. १ फेब्रुवारीला दोन काळे कामगार कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मेले. पुढे १३०० जण संपावर गेले. त्यांच्या हातातली ‘मी माणूस आहे’ ही पाटी आपल्याला आपल्याच कवितेची ओळ वाटते. परंतु ४ एप्रिलला किंगचा खून झाला, तरी संप चालूच होता. तो मिटला १६ एप्रिलला, युनियनची मान्यता आणि पगारवाढ पदरात पाडून.

त्या लढ्यात सरकारी नोकरांच्या युनियनचा विल्यम लूसी होता. मेम्फिसमध्ये जन्मलेला, कॅलिफोर्नियात काउंटीच्या नोकरीतून युनियनमध्ये आलेला. १९७२ पासून २०१० पर्यंत तो तिचा चिटणीस-खजिनदार राहिला. कामगार महासंघ १९७२ च्या निवडणुकीत तटस्थ राहिला, तेव्हा काळ्या कामगारांची वेगळी आघाडी उभारणाऱ्यांतही तो होता.

असे आयुष्य साहित्याला रूक्ष वाटते. हा दोष साहित्याचा. घोषणा माणूसपण मागते, करार ते सहीशिक्क्याने वसूल करतो. आपल्या आत्मकथनांत झाडूवाला आला, साहेबही आला. साहेबासमोर बसून एकेक कलम लिहून घेणारा आपला माणूस मात्र अजून क्वचितच दिसतो. तो कोण लिहिणार?