टोपणनाव आणि खरे नाव : विभावरी शिरूरकर यांच्या लेखननामाचा विचार

मराठी साहित्यात टोपणनावाने लेखन करण्याची परंपरा दीर्घ आहे. कृष्णाजी केशव दामले यांनी केशवसुत हे नाव धारण केले. राम गणेश गडकरी यांनी कवितेसाठी गोविंदाग्रज, विनोदी लेखनासाठी बाळकराम आणि नाटकांसाठी स्वतःचे नाव अशी वाटणी केली. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत आरती प्रभू झाले, कथा-कादंबरीत खानोलकरच राहिले. या नावांचा विचार बहुधा वाङ्मयप्रकाराच्या अंगाने होतो आणि तो योग्यही आहे. केशवसुत किंवा गोविंदाग्रज हे नाव वाचताक्षणी ते टोपणनाव असल्याचे कळते. त्यात लपविण्यासारखे फारसे काही नसते. विभावरी शिरूरकर या नावाचा प्रकार मात्र मुळातच वेगळा आहे.

या नावाला स्त्रीचे पहिले नाव आहे, गावावरून पडलेले साधे मराठी आडनाव आहे. पुणे जिल्ह्यात अशा नावाची एखादी शिक्षिका सहज असू शकली असती. म्हणजे हे टोपणनाव टोपणनाव म्हणून ओळखूच येत नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह 1933 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा या वेशांतराची गरज किती होती हे लवकरच दिसून आले. शिकलेल्या, मिळवत्या, विवाह लांबलेल्या मुलींची घुसमट आणि त्यांच्या शरीरमनाच्या अपेक्षा या कथांनी उघडपणे मांडल्या. पुढील वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीने विवाहबाह्य सहजीवनाचा व मातृत्वाचा प्रश्न उभा केला. मोठा गदारोळ झाला, आणि लेखनाच्या गुणदोषांइतकीच चर्चा ‘ही विभावरी कोण?’ या प्रश्नाची झाली. हे पुरुषाचे लेखन असावे अशीही शंका घेण्यात आली. स्त्री असे लिहिणार नाही या गृहीतकातूनच ती शंका निघाली होती, हे वेगळे सांगावयास नको.

या नावामागील लेखिका बाळूताई खरे (1905–2001). ‘अलंकारमंजूषा’ हे अभ्यासपर पुस्तक त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले होते. दागिन्यांविषयी लिहिताना नाव लपवावे लागले नाही. दागिने घालणाऱ्या मुलीच्या मनाविषयी लिहिताना ते लपवावे लागले. पुण्यात मुलींच्या शाळेत शिकविणाऱ्या अविवाहित स्त्रीच्या दृष्टीने यात केवळ लौकिकाचा नव्हे, चरितार्थाचाही प्रश्न होता.

येथपर्यंतचा इतिहास परिचित आहे. समीक्षेने ज्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही तो भाग यापुढचा. 1938 मध्ये विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यानंतर बाळूताई खरे हे नाव मालती बेडेकर असे बदलले. पहिले नाव बदलले, आडनावही बदलले. जे ‘खरे’ नाव म्हणावे ते रूढीप्रमाणे संपूर्ण पालटले. जे बनावट म्हणावे ते जसेच्या तसे टिकले. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या सोलापूर येथील वसाहतीच्या अनुभवावर आधारलेली ‘बळी’ ही कादंबरी 1950 मध्ये आली, ती विभावरी शिरूरकर यांच्याच नावाने. तोवर नावाचे रहस्य रहस्य उरले नव्हते. लपण्यासाठी घेतलेले नाव लपण्याची गरज संपल्यावरही का ठेवले गेले?

वाचकप्रियता हे एक उत्तर देता येईल. गाजलेले नाव प्रकाशकाला सोयीचे असते, हे खरेच आहे. परंतु तेवढ्याने 1953 च्या ‘खरेमास्तर’चा उलगडा होत नाही. ही लेखिकेच्या वडिलांच्या जीवनावर आधारलेली कादंबरी. मुलींना शिकविण्यासाठी झटणाऱ्या पित्याचे आडनाव शीर्षकात उघडपणे येते आणि लेखिकेच्या जागी मात्र शिरूरकर हे नाव येते. लपविण्याचा हेतू असता तर हे शीर्षकच शक्य नव्हते. एकाच मुखपृष्ठावर जन्माने मिळालेले आडनाव आणि स्वतः घडविलेले आडनाव शेजारी उभे राहते. विवाहाने मिळालेले तिसरे तेथे नाही. आडनावाचा ‘सत्य’ हा अर्थही येथे अनायासे कामी येतो, अर्थात त्यावर अधिक भार देणे उचित नाही.

यावरून असे म्हणता येईल की या लेखिकेच्या बाबतीत टोपणनावाचे कार्य काळाबरोबर बदलले. प्रारंभी ते आडोसा होते; पुढे ते तिच्या लेखनजीवनातील एकमेव सलग नाव ठरले. पुरुष लेखकाचे कुलनाम जन्मापासून त्याच्यासोबत असते, म्हणून टोपणनाव हा त्याच्यासाठी विलास असू शकतो. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज ही दोन्ही नावे आयुष्यभर समांतर चालू शकली. स्त्रीच्या बाबतीत अधिकृत नावच मध्ये तुटते.

वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांतून आढळणारी ‘विभावरी शिरूरकर (मालती बेडेकर)’ ही नोंद या दृष्टीने तपासून पाहावी लागते. कंसातील नाव खरे व बाहेरचे खोटे असा तिचा ध्वनी आहे. पण 1933 मध्ये मालती बेडेकर या नावाची लेखिका अस्तित्वातच नव्हती. ‘कळ्यांचे निःश्वास’पुरती तरी ही नोंद कालविपर्यासाची आहे; अविवाहित मुलींच्या कोंडीची कथा सांगणाऱ्या पुस्तकाची ओळख ती लेखिकेच्या विवाहोत्तर नावाने पटवून देते.