एका अव्ययासाठी छप्पन्न खंड

शब्दसूची हा ग्रंथप्रकार समीक्षेच्या वाट्याला सहसा येत नाही. ती वाचायची नसते, गरजेपुरती चाळायची असते, असे आपण धरून चालतो. वस्तुतः वाचकाला कोणते प्रश्न विचारता येतील, हे सूचीकाराने आधीच ठरवून ठेवलेले असते. येशूसंघीय फादर रॉबर्टो बुसा (१९१३-२०११) यांनी सिद्ध केलेली 'इंडेक्स थॉमिस्टिकस' ही संत थॉमस अक्विनास यांच्या लेखनाची सूची (५६ खंड, १९७४-८०) म्हणूनच ग्रंथ म्हणून पारखण्याजोगी आहे.

तिचे बीज एका शोधाच्या अपयशात आहे. थॉमसच्या विचारातील 'सान्निध्य' या कल्पनेवर प्रबंध लिहिताना फादर बुसा यांनी 'प्रेझेन्त्सिया' हा शब्द धुंडाळला, आणि तो गौण असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. खरी शिकवण 'इन', म्हणजे 'आत', या इवल्याशा अव्ययाला बिलगलेली होती! मग या एका शब्दासाठी त्यांनी सुमारे १०,००० चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. पुढे १९४९ साली न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्याकडून त्यांनी यंत्रांचे साहाय्य मिळविले.

लहान शब्दांची ही उपेक्षा जुनी आहे. तेराव्या शतकात ह्यूगो दे सेंत-शेर यांच्या देखरेखीखाली पॅरिसच्या डॉमिनिकन मठवासीयांनी लॅटिन बायबलची पहिली शब्दसूची रचली, तीत अव्यये नव्हती. पंधराव्या शतकात बाझेलच्या धर्मपरिषदेच्या काळात बोहेमियाच्या लोकांशी 'निसि' या शब्दावरून आणि ग्रीकांशी 'एक्स' व 'पेर' यांवरून वाद पेटले, तेव्हा कोठे अव्ययांची सूची करावीशी वाटली. संगणकयुगातही अनेक शोधयंत्रणांनी असे शब्द निरुपयोगी समजून गाळले. जागा वाचली, हे खरे.

फादर बुसांनी काहीच गाळले नाही. एक कोटीहून अधिक शब्द त्यांनी नोंदविले, आणि प्रत्येक विकारी रूप त्याच्या मूळ शब्दाखाली आणले. माझ्या मते हेच त्यांचे मोठे कार्य. यंत्राला अक्षरे जुळविता येत. एकाच रूपाचे दोन अर्थ संभवतात तेथे निवाडा माणसालाच करावा लागे. म्हणजे प्रत्येक नोंदीमागे कोणाचे तरी वाचन उभे आहे, आणि तेथे चूकही संभवते. तटस्थतेचा आव आणणाऱ्या त्या रुक्ष स्तंभांकडे पाहताना अभ्यासकाला याचा विसर पडतो. आणखी एक उणीव सांगितलीच पाहिजे. पंचकार्डे टोचण्याचे किचकट काम इटलीतील गॅलाराते येथे तरुण मुलींनी केले. श्रेय मात्र दीर्घकाळ एकट्या फादरांच्या नावे जमा होत राहिले.

आपल्या भाषेत हा प्रश्न अधिक बिकट होतो. लॅटिनमधील 'इन' निदान सुटा उभा असतो. मराठीत तो 'घरात', 'मनात', 'मनीं', 'ठायीं' अशा रूपांच्या शेपटाशी दडतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाच्या (१६१६) सुमारे अकरा हजार ओव्यांतून 'आत' ही कल्पना कोणी शोधू म्हणेल, तर केवळ अक्षरे जुळविणाऱ्या सूचीत ती त्याला सापडणार नाही. प्रत्यय वेगळा नोंदवावा की शब्दातच राहू द्यावा, हे सूचीकाराला पहिल्या चिठ्ठीपूर्वीच ठरवावे लागेल. आणि त्यासाठी पुराण आधी ओवीओवीने वाचावे लागेल.